भाड्याने फिरलेली सेकंडहँड गाडी घ्यायची की नाही, हे ठरवायचं कसं

सेकंडहँड गाडी शोधायला लागलं की अशी एक तरी गाडी समोर येतेच, जेमतेम दीड वर्षाची, चकाचक, बाकीच्यांपेक्षा स्वस्त, आणि मग कळतं की ही आधी भाड्याच्या कंपनीकडे होती. लगेच घरच्यांचा, मित्रांचा एकच सूर, नको रे बाबा, बारा जणांनी बडवलेली गाडी कशाला गळ्यात घेतोस. आणि विकणारा सांगतो की अहो उलट हीच चांगली, कंपनीने वेळच्या वेळी सर्व्हिसिंग केलंय, बिनधास्त घ्या. दोघंही अर्धंच बोलतायत. माझं सरळ म्हणणं आहे की "भाड्याची होती" एवढ्या एका गोष्टीवरून हो किंवा नाही ठरवू नका, या गाडीचे कागद बघा, हीच गाडी उघडून, वाकून, खालून बघा आणि मग ती खरोखर किती स्वस्त पडते याचा हिशोब मांडा. कागद आणि गाडी थोडीफार तरी सगळेच बघतात, पण स्वस्त आहे हे मात्र गृहीत धरतात आणि बहुतेक जण तिथेच फसतात.

भाड्याची कंपनी गाडी का विकते, इथून सुरुवात करा. खाजगी माणूस गाडी काढतो तेव्हा कारण काहीही असू शकतं, मोठी गाडी हवी असते, पैशाची नड असते, किंवा गिअरबॉक्समधून आवाज यायला लागलेला असतो आणि तो गप्प बसून विकतो. भाड्याच्या कंपनीचं तसं नसतं, ती ठराविक वय किंवा ठराविक रनिंग झालं की गाडी काढतेच, चांगली असली तरी. पूर्वी साधारण एक-दीड वर्षात काढायचे, २०२० नंतर चिपचा तुटवडा झाला, नवीन गाड्या मिळेनात, म्हणून बऱ्याच कंपन्यांनी आहेत त्याच गाड्या जास्त काळ पळवल्या, त्यामुळे त्या दोन-तीन वर्षांतल्या गाड्या विक्रीला आल्या तेव्हा रनिंग बरंच जास्त होतं. म्हणजे गाडी विकायला काढली यात संशय घेण्यासारखं काही नाही, ती किती वय आणि किती किलोमीटर झाल्यावर काढली हे मात्र बघायचं.

यात आतली एक गोष्ट आहे जी फारसं कोणी विचारत नाही. भाड्याच्या कंपन्या गाड्या दोन प्रकारे घेतात. एका प्रकारात गाडी बनवणाऱ्या कंपनीशी आधीच करार असतो की इतक्या महिन्यांनी, इतक्या किलोमीटरच्या आत, इतपतच डॅमेज असेल तर आम्ही ठरलेल्या किमतीला परत घेऊ. अशा गाड्या सहसा जरा जपल्या जातात, कारण मर्यादा ओलांडली की भाड्याच्या कंपनीचे पैसे कापले जातात, आणि त्या परत गेल्यावर डीलरकडून विकल्या जातात. दुसऱ्या प्रकारात कंपनी गाडी स्वतःच्या जोखमीवर घेते आणि पुढे विकून किती येतील ते तिचं नशीब, अशी गाडी मग परवडेल तितकी वापरली जाते. तुम्हाला करार कोणी दाखवणार नाही, पण "ही गाडी ताफ्यात किती महिने होती आणि निर्मात्याने परत घेतलेली आहे का" एवढं विचारायला काही लागत नाही, आणि उत्तर कसं येतंय त्यावरूनही बरंच कळतं.

कधी कधी कंपनी एखादा प्रकार घाऊक काढून टाकते. जानेवारी २०२४ मध्ये हर्ट्झ या अमेरिकन भाडे कंपनीने सुमारे २०,००० इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या, अपघातानंतरची दुरुस्ती महाग पडत होती आणि अपेक्षेएवढी मागणी नव्हती म्हणून, आणि नंतर तो आकडा ३०,००० वर नेला. असं होतं तेव्हा त्या मॉडेलचा भाव पडतो, घेणाऱ्याची चांदी होते, पण तीच गाडी तुम्हाला दोन वर्षांनी विकायची असेल तर तो पडलेला भाव तुमच्याही वाट्याला येणार हे धरून चाला.

आता ती मोठी भीती, लोक भाड्याची गाडी रगडतात. हो, रगडतात, आपली नसली की माणूस खड्ड्यात ब्रेक मारत नाही, फुटपाथला रिम घासला तरी फारसं वाईट वाटून घेत नाही आणि थंड इंजिनवरच जोरात अॅक्सिलरेटर दाबतो. पण आजकालच्या इंजिनला ठराविक आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ठराविक फेऱ्यांच्या वर जाऊच देत नाहीत, तेल वेळेवर बदललेलं असेल तर दीड-दोन वर्षांच्या अशा वापराने इंजिन सहसा बसत नाही. झिजतं ते दुसरंच, टायर, ब्रेकच्या डिस्क आणि पॅड, मॅन्युअल असेल तर क्लच, सस्पेन्शनचे बुश, व्हील बेअरिंग, रिम, सीट, दाराच्या आतली प्लास्टिकं. हे सगळं बघता येतं, मोजता येतं आणि त्याचा खर्च काढता येतो. ज्याची भीती वाटायला हवी ते असतं कागदावर न आलेलं काम, म्हणजे ठोकलेली आणि गुपचूप सरळ केलेली गाडी.

हे नीट समजून घ्या कारण इथे भलेभले फसतात. आपण काय करतो, चॅसी नंबर टाकून अपघाताचा रिपोर्ट काढतो, रिपोर्ट कोरा आला की निश्चिंत होतो. पण असे रिपोर्ट बऱ्याच अंशी इन्शुरन्सच्या क्लेमवर, पोलिसांच्या नोंदींवर आणि वर्कशॉपने कळवलेल्या माहितीवर चालतात. मोठ्या भाडे कंपन्या अनेक ठिकाणी आपल्या गाड्यांच्या नुकसानीचा भार स्वतःच उचलतात, बाहेरच्या इन्शुरन्सकडे क्लेम टाकतच नाहीत, ग्राहकाकडून पैसे घेतात आणि ठरलेल्या वर्कशॉपमध्ये काम उरकतात. क्लेम नाही म्हणजे नोंद नाही. खाजगी गाडीच्या बाबतीत कोऱ्या रिपोर्टला जेवढी किंमत आहे तेवढी इथे नाही, इथे तो रिपोर्ट म्हणजे फक्त सुरुवात.

पण याचीच दुसरी बाजू अशी की भाड्याच्या कंपनीइतकी बारीक नोंद दुसरं कोणी ठेवत नाही. गाडी देताना आणि परत घेताना प्रत्येक ओरखडा लिहिला जातो, फोटो निघतात, कारण त्याचे पैसे ग्राहकाकडून वसूल करायचे असतात. म्हणून विकणाऱ्याकडे थेट मागा, या गाडीचा डॅमेज आणि रिपेअरचा इतिहास द्या, कंपनीच्या सिस्टिममधली प्रिंट चालेल. थेट कंपनीच्या विक्री केंद्रातून घेत असाल तर हे मिळायची शक्यता बरी असते, मध्ये लिलाव आणि मग एखादा डीलर आला असेल तर कागद बहुतेक वाटेतच गळलेले असतात. मागूनही "असं काही देत नाही" म्हणाले तर गाडी वाईटच आहे असं नाही, पण मग तुमची तपासणी दुप्पट कडक हवी आणि भावही त्या हिशोबाने खाली यायला हवा.

कागदांमध्ये अजून काय बघायचं. सर्व्हिस हिस्ट्री, नुसता शिक्का नको, प्रत्येक वेळची तारीख आणि किलोमीटर रीडिंग हवं, म्हणजे मीटर मागे फिरवलाय का तेही कळतं आणि तेल बदलायला किती उशीर केला तेही. कंपन्या सर्व्हिसिंग करतात हे खरं आहे, पण सुट्ट्यांच्या हंगामात गाडी एका ग्राहकाकडून थेट दुसऱ्याकडे जाते आणि सर्व्हिस पुढे ढकलली जाते, तेव्हा दोन नोंदींमधलं अंतर स्वतः वजाबाकी करून बघा. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या अंतरापेक्षा दोन-तीन हजार किलोमीटर इकडेतिकडे ठीक आहे, दुप्पट अंतर दिसलं तर ती गाडी सोडा, विशेषतः टर्बो इंजिन असेल तर, कारण जुनं तेल टर्बोला मारतं आणि तो खर्च छोटा नसतो.

मग वॉरंटी. वॉरंटी तुम्ही घेतल्या दिवसापासून सुरू होत नाही, गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली त्या दिवसापासून धरतात, आणि वर्षं किंवा किलोमीटर यातलं जे आधी संपेल ते. भाड्याची गाडी किलोमीटर पटापट खाते, त्यामुळे "अजून दीड वर्ष वॉरंटी आहे" असं सांगितलं तरी किलोमीटरच्या बाजूने ती सहा महिन्यांत संपणारी असू शकते. शिवाय काही निर्माते भाड्याने किंवा धंद्यासाठी वापरलेल्या गाडीला वेगळ्या, कमी मुदतीच्या अटी लावतात, त्यामुळे विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नका, चॅसी नंबर घेऊन त्या ब्रँडच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा की या नंबरवर आज काय काय शिल्लक आहे. त्याच फोनवर रिकॉलचंही विचारून घ्या, म्हणजे बनवण्यातला दोष काढायला निर्मात्याने गाड्या परत बोलावल्यात का. रिकॉल हलक्यात घ्यायची गोष्ट नाही, अमेरिकेत २००४ मध्ये रेचल आणि जॅकलिन हाउक या दोघी बहिणी भाड्याच्या गाडीच्या अपघातात मरण पावल्या, त्या गाडीला आग लागू शकते म्हणून रिकॉल निघालेला होता आणि काम न करताच ती भाड्याने दिली गेली होती. त्यानंतर त्यांच्या आईने लढा दिला, २०१५ मध्ये त्यांच्या नावाने कायदा झाला आणि ३५ पेक्षा जास्त गाड्या असलेल्या भाडे कंपनीला रिकॉलचं काम बाकी असलेली गाडी देता येणार नाही असं तिथे ठरलं. सगळीकडे असा कायदा नाही, म्हणून आपण विचारायचं, रिकॉलचं काम अधिकृत सेंटरमध्ये फुकट होतं, विकत घेण्याआधीच करून मागा.

नोंदणीच्या कागदावर गाडी कोणत्या वापरासाठी नोंदलेली आहे हेही वाचा. जिथे भाड्याच्या गाड्यांची नोंदणी वेगळ्या प्रकारात होते तिथे ती खाजगीत बदलून घ्यावी लागते, आणि तो खर्च, ती धावपळ, आणि वेगमर्यादा यंत्र बसवलेलं असेल तर ते काढायला परवानगी आहे का, हे सगळं सौद्याआधी बोलून घ्यायचं. इन्शुरन्सवाल्याला आणि कर्ज काढणार असाल तर बँकेलाही आधीच विचारा, काही ठिकाणी अशा गाडीला कर्ज कमी रकमेचं किंवा जास्त व्याजदराने देतात.

आता प्रत्यक्ष गाडी. दिवसाउजेडी बघा, धुऊन ओली असलेली गाडी बघू नका, पाणी ओरखडे आणि रंगातला फरक झाकतं. आधी लांबून, पुढच्या कोपऱ्यावरून मागच्या दिव्यापर्यंत एका रेषेत नजर टाका, दारं, बोनेट, डिकी यांच्यामधल्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या हव्यात. मग बोनेट उघडा आणि बिजागरीचे बोल्ट बघा. कारखान्यातून आलेल्या बोल्टवर रंगाचा थर अखंड असतो, पाना लागला की कोपऱ्यांवरचा रंग उडतो, तिथे धातू चमकतो किंवा गंजाची बारीक रेघ दिसते. फेंडरचे बोल्ट, दाराच्या बिजागऱ्या, डिकीच्या बिजागऱ्या, सगळीकडे हेच. बोनेटच्या कडेला आतून सीलंटची जी पट्टी असते ती कारखान्यात मशीनने मारलेली असते, सरळ आणि एकसारखी, हाताने मारलेली कुठे जाड कुठे पातळ दिसते. फक्त बंपर रंगवलेला असेल तर मी अजिबात घाबरत नाही, भाड्याच्या गाडीचा बंपर कधीतरी घासतोच. पण बंपर नवीन आणि त्यामागचा लोखंडी भाग सुरकुतलेला किंवा वेल्डिंग केलेला दिसला तर तिथेच विषय संपवा.

रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर मिळतं, नाहीतर मेकॅनिककडे असतं, ते वापराच. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, ब्रँडप्रमाणे थोडा कमीजास्त. एखाद्या दाराला २५०-३०० आलं तर तो भाग पुन्हा रंगवलाय, आणि हजाराच्या घरात गेलं तर खाली पुट्टी भरलेली आहे, म्हणजे पत्रा चेपला होता. एक दार रंगवलेलं चालतं, पण छप्पर आणि खिडक्यांमधले खांब मात्र कारखान्याच्याच रंगाचे हवेत, तिथे आकडा चढला तर गाडी पलटी झालेली असू शकते. फक्त एवढं लक्षात ठेवा की हे साधं मीटर धातूवर चालतं, प्लास्टिकच्या बंपरवर नाही.

काचांच्या कोपऱ्यात उत्पादनाची खूण असते, सगळ्या काचांवरची साधारण एकाच वर्षाची हवी. पुढची काच बदललेली असेल तर ते दगड लागूनही होतं, त्यात विशेष नाही, फक्त नवीन गाड्यांमध्ये काचेमागे कॅमेरा असतो आणि काच बदलल्यावर तो पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो, तो केलाय का विचारा.

डिकी उघडा. भाड्याच्या गाडीची खरी कहाणी डिकीत लिहिलेली असते, डिकीच्या तोंडाशी बंपरच्या वरच्या कडेला बॅगा घासून घासून आडव्या रेघा पडलेल्या असतात, बाजूच्या प्लास्टिकवर सुटकेसच्या चाकांचे काळे पट्टे. हे दिसायला वाईट, गाडीला काही होत नाही, भाव पाडायला मात्र उपयोगी. कार्पेट उचलून स्टेपनीचा खड्डा बघा, तिथला पत्रा सपाट आहे का, पाण्याची रेघ, गाळ, गंज आहे का, आणि जॅक, पाना, टो हुक जागेवर आहेत का, भाड्याच्या गाडीतून या वस्तू सर्रास गायब झालेल्या असतात. पुरात सापडलेल्या गाड्याही कधी कधी धुऊनपुसून बाजारात येतात, त्यामुळे सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटपर्यंत बघा, त्यावर मातीचा डाग किंवा कुबट वास आहे का, सीटखालच्या रुळांवर गंज आहे का. आत खूप जोरात सेंट मारलेला असेल तर काचा बंद करून एसी आतल्या आत फिरवा आणि पाच मिनिटांनी वास घ्या, सिगारेटचा वास लपत नाही.

आतला घसारा रीडिंगशी जुळतोय का ते बघायचं. ३०,००० किलोमीटर सांगतायत आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकतंय, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलेली, तर काहीतरी खोट आहे. उलट ७०,००० झालेत आणि आत सगळं कोरं करकरीत, तर बदललंय काय ते विचारा. प्रत्येक बटण दाबा, खरंच प्रत्येक, चारी काचा, आरसे, सीटचे खटके, चार्जिंगचे पॉइंट, मागच्या सीटचे एसी व्हेंट. अनोळखी माणसं वापरतात तेव्हा याच गोष्टी तुटतात आणि कंपनीही सुरक्षेशी संबंध नसलेल्या असल्या किरकोळ गोष्टी दुरुस्त करायच्या मागे लागत नाही.

टायरवर चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे ३५२२ म्हणजे २०२२ चा ३५ वा आठवडा. चारी टायर एकाच ब्रँडचे आहेत का बघा, दोन वेगळ्या, स्वस्तातल्या कंपनीचे टाकलेले असतील तर कंपनीने विकण्यापुरतं काम उरकलंय. बऱ्याच देशांत नक्षीची खोली १.६ मिलीमीटरच्या खाली गेली की टायर बेकायदा ठरतो, पण ३ मिलीमीटरच्या खाली असेल तरी मी नवीन टायरचा खर्च हिशोबात धरतो. टायर एकाच कडेला जास्त झिजलेला असेल तर अलाइनमेंट गेलंय, आणि अलाइनमेंट का गेलं हा पुढचा प्रश्न, खड्डा की ठोकर. रिमची बाहेरची कड सगळेच बघतात, तुम्ही आतली कड हात फिरवून बघा, वाकलेली असेल तर गाडी वेगात थरथरते.

टेस्ट ड्राइव्हला जायच्या आधी सांगून ठेवा की इंजिन गरम करून ठेवू नका. थंड इंजिन सुरू होताना जे आवाज येतात, जो धूर येतो, तो पहिल्या मिनिटातच कळतो. दोन किलोमीटरचा फेरा मारून काही कळत नाही, अर्धा तास तरी चालवा, खराब रस्ता, चढ, मोकळा रस्ता, सगळं. मॅन्युअल असेल तर वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून जोरात अॅक्सिलरेटर द्या, आरपीएम चढतोय पण गाडी पुढे सरकत नाही असं झालं तर क्लच घसरतोय, आणि अनेकांच्या पायाखाली गेलेल्या गाडीत क्लच ही पहिली शंका असते. ऑटोमॅटिक असेल तर थांबून ब्रेक दाबून रिव्हर्स, मग ड्राइव्ह, मग पुन्हा रिव्हर्स, प्रत्येक वेळी किती वेळ लागतो आणि धक्का बसतो का. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकं धरून गाडी एका बाजूला ओढते का बघा, मग वेगातून जरा दाबून ब्रेक, पेडल किंवा स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क गेल्या. स्पीड ब्रेकरवरून काचा खाली करून हळू जा, सस्पेन्शनमधला खडखडाट तेव्हाच ऐकू येतो.

एक युक्ती मला फार उपयोगी वाटते. तेच मॉडेल, पण दुसरी गाडी, एका दिवसासाठी भाड्याने घ्या किंवा ओळखीच्या कोणाची असेल तर चालवा, म्हणजे ही गाडी नॉर्मल असताना कशी वाटते हे अंगात बसतं. काही भाडे कंपन्या तर विकायची तीच गाडी आधी दोन-तीन दिवस भाड्याने देतात आणि पसंत पडली तर घ्या म्हणतात, काही जण घेतल्यावर ठराविक दिवसांत परतही घेतात. अशी सोय असेल तर ती वापरा, आणि त्या दिवसांत गाडी सरळ आपल्या भरवशाच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवा.

मेकॅनिकच्या बाबतीत तडजोड नको. विकणाऱ्याने सुचवलेला नको, त्याच्या आवारातला नको, आपला हवा. त्याला खालून बघायला सांगा, चॅसीचे लांब दांडे सरळ आहेत का, कुठे ताजा काळा रंग मारून काही झाकलंय का, तेल गळतंय का. आणि ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यातले दोष वाचायचं यंत्र, लावायला सांगा. नुसते एरर कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका, कोड पुसता येतात. पुसल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं, तोवर त्या "अपूर्ण" दाखवतात, आणि बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले तेही दिसतं. काल-परवाच पुसलेत असं निघालं तर विचारायचं की का पुसले, आणि उत्तर पटलं नाही तर निघायचं.

इलेक्ट्रिक असेल तर बाकी सगळ्याच्या आधी बॅटरीचा रिपोर्ट, किती टक्के क्षमता उरलीय हे लेखी. भाड्यात फास्ट चार्जिंग जास्त होतं आणि गाडी वारंवार पूर्ण भरून उभी राहते, दोन्ही बॅटरीला चांगलं नाही, पण अंदाज करण्यापेक्षा मोजलेलं बरं. बऱ्याच निर्मात्यांची बॅटरी वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर अशी असते आणि साधारण ७० टक्क्यांखाली क्षमता गेली तर लागू होते, ती पुढच्या मालकाला मिळते का ते वाचून घ्या. बॅटरीच्या खालचं कवच लिफ्टवर नीट बघा, खालून आपटलेली बॅटरी ही मी तरी कितीही स्वस्तात घेणार नाही.

आता हिशोब. नवीन गाडीची किंमत १०० धरा. तेच मॉडेल, तेच वय, एका मालकाची, २०,००० किलोमीटर झालेली गाडी ८० ला मिळतेय, आणि भाड्याची, ४५,००० झालेली, ७२ ला. म्हणजे ८ वाचले असं वाटतं. आता या गाडीला लागणारं काम लिहा, चार टायर ३, ब्रेक १, दोन भागांचं डेंटिंग-पेंटिंग १, हरवलेली दुसरी चावी आणि पूर्ण सर्व्हिस मिळून १. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही मेकॅनिककडून घ्या, पण झाले ना ६ खर्च. उरले २, आणि त्या दोनासाठी २५,००० किलोमीटर जास्त चाललेली, कमी वॉरंटीची आणि पुढे विकताना पुन्हा "भाड्याची होती" म्हणून भाव कमी येणारी गाडी घ्यायची, हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तीच गाडी ६२ ला असती तर खर्च जाऊन १२ उरतात, मग विचार करण्यासारखं आहे. माझा स्वतःचा नियम असा की सगळी कामं धरूनही खाजगी गाडीपेक्षा किमान दहा टक्के स्वस्त पडली पाहिजे, नाहीतर खाजगीच बरी.

तुलना करताना व्हेरिएंट तोच आहे का हे चष्मा लावून बघा. भाड्याच्या कंपन्या बहुतेक खालचं किंवा मधलं व्हेरिएंट घेतात, कधी कधी ताफ्यासाठी म्हणून काही फीचर कमी केलेलंही असतं, आणि जाहिरातीत फोटो असा काढतात की वरचं वाटावं. खालच्या व्हेरिएंटची वरच्याशी तुलना केली तर ती स्वस्त वाटणारच, त्यात सूट काहीच नाही.

गाडी किती वर्षं ठेवणार यावरही बरंच अवलंबून आहे. आठ-दहा वर्षं वापरायची असेल तर भाड्याचा शिक्का तोवर निरर्थक होतो, तेव्हा लोक फक्त वय आणि गाडीची अवस्था बघतात. दोन-तीन वर्षांत बदलायची सवय असेल तर मात्र तो शिक्का विकताना आडवा येतोच. तसंच वर्षाला खूप चालवणार असाल तर उरलेली किलोमीटरची वॉरंटी बघता बघता संपेल, कमी चालवणार असाल तर दीड वर्षात ४५,००० झालेली गाडी पुढच्या काही वर्षांत आपोआप सरासरीला येईल.

काही गाड्या मात्र मी हिशोब न मांडताच सोडतो. स्पोर्ट्स प्रकारातली, कारण ती भाड्याने घेणारा माणूस ती पिदडायलाच घेतो. फोर बाय फोर, जी वाळूत आणि दगडात गेली असणार. सामान वाहायला दिली जाणारी व्हॅन. आणि तासांच्या हिशोबाने मिळणाऱ्या गाड्या, कारण तिथे छोट्या छोट्या फेऱ्या, दिवसातून दहा वेळा चालू-बंद, इंजिन नीट गरमच होत नाही आणि परत देताना समोर कोणी तपासायला उभं नसतं. त्याउलट साधी सेडान किंवा हॅचबॅक, ऑटोमॅटिक, महिन्याच्या भाड्याने एकाच ऑफिसकडे राहिलेली, असं कागदावर दिसलं तर ती रांगेत पुढे घ्या, लांबच्या मोकळ्या रस्त्यावरचे किलोमीटर गाडीला शहरातल्या किलोमीटरपेक्षा कमी त्रास देतात.

सौदा करताना कंपनीच्या केंद्रावर बहुतेक वेळा किंमत ठरलेली असते, घासाघीस चालत नाही. पण टायर, दुसरी चावी, रिकॉलचं काम, वाढीव वॉरंटी, यावर बोलता येतं, आणि लेखी घेतल्याशिवाय टोकन देऊ नका. चाव्यांचं खास सांगतो, भाड्याच्या गाडीच्या दोन्ही चाव्या बऱ्याचदा एकाच तारेत अडकवून ग्राहकाला देतात, एक हरवली की दोन्ही हरवतात, म्हणून नवीन केलेली आहे का आणि दोन्ही प्रोग्राम केलेल्या आहेत का हे स्वतः लॉक उघडून, इंजिन चालू करून बघा.

शेवटचं काम पूर्ण पैसे द्यायच्या आधी करायचं. स्क्रीनवर जोडलेल्या फोनची यादी उघडा, आधीच्या ग्राहकांचे फोन, पत्ते, कधी कधी कॉन्टॅक्टसुद्धा पडलेले असतात, फॅक्टरी रिसेट मारा. निर्मात्याच्या अॅपमध्ये गाडी अजून भाडे कंपनीच्या खात्यावर असेल तर त्यांना ती काढायला लावा, नाहीतर लोकेशन आणि कधी कधी दरवाजेसुद्धा त्यांच्या हातात राहतात. कंपनीने बसवलेला ट्रॅकर बहुतेक ओबीडीच्या पोर्टला किंवा डॅशबोर्डखाली वायरमध्ये जोडलेला असतो, काहींमध्ये इंजिन लांबून बंद करायची सोय असते, तो काढलाय असं लेखी घ्या आणि आपल्या मेकॅनिककडून खात्री करा, मगच उरलेली रक्कम द्या.